भागाकार कोणी करायचा?

मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिकवले. १९८२ साली नोकरीला लागलो, २०१८ साली निवृत्त झालो. यातली बरीचशी वर्षे तिसरी, चौथी आणि पाचवीचे वर्ग माझ्याकडे होते. या काळात मी चळवळीतही होतो. शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले, वसतिगृहांच्या जेवणासाठी समाजकल्याण खात्याच्या दारात बसलो, राखीव जागांवर तावातावाने भाषणे केली. परंतु तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडला जातो तेव्हा आपल्या मुलाचे नेमके काय होते, याविषयी मी एकाही सभेत बोललो नाही. माझे सहकारीही बोलले नाहीत. शिक्षणाचा प्रश्न म्हणजे प्रवेशाचा प्रश्न, अशी आमची समजूत होती. वर्गात शिरल्यावर मूल आपोआप शिकते, असे आम्ही धरून चाललो होतो.

ते तसे होत नाही. ‘असर’ या नावाने खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताची जी पाहणी २००५ सालापासून होत आली, तिच्यात मुलाला एक साधे उदाहरण दिले जाते : तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०१८ साली देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी २७.९ टक्क्यांना हा भागाकार आला. २०२२ साली, शाळा बंद राहिल्यानंतर, २५.६ टक्क्यांना, आणि २०२४ साली ३०.७ टक्क्यांना. म्हणजे चढत्या वर्षातही शंभरातली जवळजवळ सत्तर मुले भागाकाराशिवाय प्राथमिक शाळेची पहिली पाच वर्षे काढतात. ही सत्तर मुले कोणत्या वस्तीतली जास्त असतील, हे मला पाहणीने सांगण्याची गरज नाही. मी त्यांची हजेरी घेतली आहे.

बेरीज येते, वजाबाकी अडखळत येते, गुणाकार पाठांतराच्या जोरावर निभावतो आणि भागाकाराशी मूल थांबते. असे का व्हावे? मुले मुळातच मंद असतात, हे शिक्षक-खोलीतले लाडके उत्तर. ‘यांचं गणित कच्चंच’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यातल्या ‘यांचं’ या शब्दावर जोर कुठे पडतो तेही मला सांगता येईल. मला हे उत्तर कधीच पटले नाही, कारण माझ्या घरात भागाकार मी शाळेच्या आधी पाहिला होता.

माझी आजी निरक्षर होती. आमचे घर माणदेशातले, महारवाड्यातले. बलुत्याचे धान्य वस्तीत आले की ते घराघरांत वाटून देण्याचे काम तिच्याकडे असे. तिच्याजवळ पाटी नव्हती, मापे होती. आमच्याकडची जुनी मापे म्हणजे निम्मे करीत जाण्याची एक शिडीच होती. पायलीची निम्मी अधोली, अधोलीचा निम्मा शेर, शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे आणि कोळव्याचे निम्मे निळवे. एका पायलीत चौसष्ट निळवी. चार घरे असली तर शेर-शेर, आठ असली तर मापटे-मापटे. हे तिला विचार न करता येई. घरे सात असली तर? ती पायलीची आठ मापटी करी, सात घरांत सात देई आणि आठवे मापटे ज्या घरात बाळंतीण असेल तिकडे धाडी. ‘उरलं त्ये कुनाला द्यायाचं ह्ये आधीच ठरवावं, पोरा, म्हंजी भांडान हुत न्हाय,’ असे ती म्हणे. बाकी म्हणजे काय आणि बाकीचे काय करायचे, हा पाठ मला तिथे मिळाला. अध्यापक विद्यालयात तो मला कोणी दिला नाही.

मात्र आजीचा भागाकार वस्तीतच संपत होता. खळ्यावर बलुते किती घालायचे, हा भागाकार ती करीत नव्हती. तो पाटील करी, कुळवाडी करी. गावकीचे काम वर्षभर आमचे, माप त्यांच्या हातात. आमच्या भागाकाराच्या इतिहासातली गोम हीच आहे. भागाकार सर्वत्र चालू होता, पण तो आमच्यावर केला जात होता. आम्ही भाज्यात होतो. भागणाऱ्यात आम्ही नव्हतो.

हा इतिहास थोडा मागून सांगतो. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, त्या मठाला मिळालेल्या दानाचा तो लेख. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला कसा द्यायचा हे त्यात सांगितले आहे. म्हणजे गणिताच्या मठाचा खर्च बाजारातल्या वाट्यावर चालला. त्या बाजारात माल वाहणारे, गुरे ओढणारे, वेशीवर जागणारे कोण होते? आणि त्यांच्यापैकी कोण त्या मठात ‘लीलावती’ ऐकायला बसू शकत होता? याचे उत्तर द्यायला दुसऱ्या शिलालेखाची आवश्यकता नाही.

‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात भागाकाराची रीत दिली आहे ती अगदी थोडक्यात : भाजकाला ज्या संख्येने गुणून भाज्याच्या वरच्या अंकांतून वजा करता येईल ती संख्या म्हणजे फळ, आणि जमत असेल तर दोन्ही संख्यांना सारख्या संख्येने आधीच लहान करून घ्यावे. त्या काळी आकडेमोड धुळीच्या पाटीवर होई. अंक लिहायचा, पुसायचा, त्याच जागी नवा लिहायचा. हे अंक आणि या रीती त्याआधीच अरबांकडे गेल्या होत्या. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये उक्लिदिसी नावाच्या गणित्याने धुळीवाचून, कागदावर न पुसता हिशेब कसा करावा हे लिहिले. आज आपली मुले जी मांडणी करतात, म्हणजे बाजूला भाजक, मध्ये भाज्य आणि एकेक अंक खाली उतरवीत जाणे, तिच्यासारखी मांडणी छापील पुस्तकात प्रथम दिसते ती १४९१ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या कालांद्रीच्या अंकगणितात. हे मी विद्वत्ता दाखवण्यासाठी सांगत नाही. मुलांना जी रीत वेदवाक्यासारखी पाठ करायला लावतात, ती माणसांनी वेळोवेळी धुळीच्या, कागदाच्या आणि छापखान्याच्या सोयीने बदललेली रीत आहे. ती बदलता येते. समजून घेता येते. ‘असंच करायचं असतं’ हे गणिताचे उत्तर नव्हे. ते पंतोजीचे उत्तर आहे.

पंतोजीच्या शाळेत काय शिकवीत? मोडी वाचणे-लिहिणे, उजळणी, पाढे. आणि पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आज ही नावे ऐकून लोक हसतात. पण यांत काय साठवले होते ते पाहा. पावकी म्हणजे चाराने भागण्याचे उत्तर तोंडपाठ. निमकी म्हणजे दोनाने भागण्याचे. व्याज, दलाली, वाटा, वजन, माप, सगळे हिशेब जिभेच्या टोकावर. कागद लागत नाही, समोरच्याला काही दिसत नाही. ज्याला औटकी येते तो बोलता बोलता साडेतीन पट करून मोकळा होतो. ज्याला येत नाही तो तोंडाकडे बघत राहतो आणि अंगठा उठवतो. सावकाराची चोपडी आणि कुळकर्ण्याचे दप्तर यांची खरी ताकद या पाठांतरात होती. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला आणि मग पुणे-नगर भागात शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी प्रामुख्याने कर्जरोखेच हिसकावून जाळले. जो हिशेब वाचता येत नाही, तपासता येत नाही, तो जाळण्यावाचून त्यांच्या हाती काय होते? मराठीत भागाकारात उरते तीही ‘बाकी’ आणि सावकाराच्या वहीत राहते तीही ‘बाकी’. पहिली भाजकापेक्षा लहान असावी लागते. दुसरीला असा काही नियम नव्हता.

आमच्यासाठी या विद्येचे दार कसे बंद होते त्याची एक नोंद १८५६ सालची आहे. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि सरकारने तो नाकारला. एका मुलाला घेतले तर बाकीचे सारे शाळा सोडतील, असा तो हिशेब. हाही एक भागाकारच. त्यात एकाच्या वाट्याला शून्य आले. या घटनेच्या आधीच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या होत्या आणि तिथल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. निबंध सर्वांना ठाऊक आहे, तो असायलाच हवा. पण १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यातला अभ्यासक्रम आपल्यापैकी किती जणांनी लक्षपूर्वक वाचला? मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, त्याबरोबर हिशेब, आणि शेती व आरोग्य यांची प्राथमिक माहिती. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, अशीही मागणी. हिशेब त्यांनी अलंकार म्हणून घातला नव्हता. सावकार आणि कुळकर्णी यांना त्यांनी जवळून पाहिले होते.

शाहू महाराजांनी हे धोरण राज्यकारभारात उतरवले. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली कुळकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली आणि त्या जागांसाठी अस्पृश्य तरुणही तयार केले. महार तरुणाच्या हातात गावचे दप्तर! आज याचे महत्त्व कळायला थोडी कल्पना करावी लागते. आणेवारी काढणारा, हिस्सा लावणारा, सारा मांडणारा माणूस बदलत होता.

बाबासाहेबांच्या चरित्रातला फळ्याचा प्रसंग आपण सभांतून सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले जेवणाचे डबे विटाळू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन ते आधी काढून घेतले. आपण डब्यांविषयी बोलतो. उदाहरण राहून जाते. ते उदाहरण सोडवायला तो विद्यार्थी तयार होता, कारण घरी सुभेदार रामजी होते, जे स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिले होते आणि मुलांचा अभ्यास जातीने घेत. वर्गाने नाकारलेले घराने भरून काढले. ज्या घरात रामजी नाहीत त्या मुलाचे काय? तिथे शिक्षकानेच रामजी व्हायला पाहिजे. माझे सारे म्हणणे एवढ्यावर उभे आहे.

पुढे या विद्यार्थ्याने भागाकाराचेच मोठे प्रश्न हाती घेतले. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. १९२५ चा त्यांचा ग्रंथ प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, म्हणजे मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीवर आहे. लहान जमिनींच्या निबंधात त्यांनी दाखवले की, केवळ तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे. म्हणजे भाज्य लहान आहे अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा भाजकाकडे पाहा. आमच्या घरचे उदाहरण देतो. आमच्या भावकीची वतनी जमीन साडेसात एकर, चाळीस गुंठ्यांच्या हिशेबाने ३०० गुंठे. पणजोबांच्या पिढीत चार भावांत वाटली, प्रत्येकी ७५. आमच्या शाखेत पुढे पाच वाटे झाले, १५ गुंठे. मग तीन, ५ गुंठे. तीन पिढ्यांत तीन भागाकार, आणि बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात ज्याविरुद्ध विधेयक मांडले ते वतनाचे राबणे मात्र कोणत्याही पिढीत भागले गेले नाही, ते प्रत्येकाकडे पूर्णच राहिले. १९५८ च्या कायद्याने वतन गेले. पाच गुंठ्यांचा उतारा राहिला.

आता माझ्या शाळेविषयी. मी शिकलो ती शाळा गावात होती आणि आम्ही दाराशेजारी बसत होतो. कायद्याने आम्हाला आत घेतले होते. गुरुजी आमची पाटी हातात घेत नसत, लांबूनच बघत. बेरीज-वजाबाकी लांबून तपासता येते, उत्तर बरोबर की चूक एवढेच बघायचे असते. भागाकार लांबून तपासता येत नाही. मुलगा कोणत्या पायरीवर घसरला, पाढ्यात चुकला की वजाबाकीत, अंक कुठे उतरवला, हे बघायला पाटीवर वाकावे लागते. आमच्या पाटीवर कोणी वाकले नाही. दोन अंकी भाजक आला तेव्हा ‘अंदाज घ्या’ असे गुरुजी म्हणत. अंदाज कशाचा आणि कसा घ्यायचा, हे पुढच्या रांगेतल्या मुलांना घरी कळत असावे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर जात. दुपारी सुकडी मिळे, म्हणून आम्ही पोरेही तिथेच. मजुरी मापावर होती. टोळीने आठवड्यात जेवढी माती काढली तिचे माप घेऊन टोळीचे पैसे निघत आणि मुकादम ते वाटी. वडिलांच्या टोळीत चौदा माणसे होती. एका आठवड्याला कारकुनाने अंगठे घेताना रक्कम मोठ्याने वाचली : २७३ रुपये. मुकादमाने प्रत्येकाच्या हातावर अठरा रुपये ठेवले. मला १४ ने भागता येत नव्हते. मी आजीसारखे वाटत गेलो. मातीवर काडीने लिहिले : प्रत्येकाला दहा दिले, १४० गेले, १३३ उरले. आणखी पाच दिले, ७० गेले, ६३ उरले. आणखी चार दिले, ५६ गेले, ७ उरले. सात रुपये चौदांत, म्हणजे आठ-आठ आणे. एकोणीस रुपये आठ आणे. मी वडिलांना सांगितले, वडील मुकादमाकडे गेले. टोळीमागे एकवीस रुपये त्याच्या खिशात जात होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘मास्तर झालास काय रं?’ त्या आठवड्याचे पैसे त्याने पुरे केले. पुढच्या आठवड्यात आमच्या टोळीला मुरमाड जागा नेमून दिली, जिथे कुदळ उडून परत येत होती, आणि माप निम्म्यावर आले. आई मला रागावली. वडील काही बोलले नाहीत. मी यातून विजयाची गोष्ट करणार नाही, कारण ती विजयाची गोष्ट नव्हती. पण चौदा माणसांना आपले किती बुडते ते एकदा कळले होते आणि नंतर प्रत्येक पगाराला कोणी ना कोणी मला रक्कम विचारीत असे.

नोकरीला लागल्यावर मीही पहिली काही वर्षे तसाच शिकवीत होतो, जसे मला शिकवले होते. भाग द्या, गुणा, वजा करा, खाली घ्या. मुलेही म्हणत आणि चुकत. एकदा चौथीतल्या एका मुलीने ६१२ भागिले ६ याचे उत्तर १२ काढले. मी तिला चूक म्हणालो. तिने पुन्हा तेच काढले. तिसऱ्यांदा मी ओरडलो, तेव्हा ती रडली आणि म्हणाली, ‘गुरुजी, एकात सहा जात न्हाईत, म्हनून म्या फुडं गेले.’ तिच्याकडे तिचे कारण होते. तिला शून्य का द्यायचे हे मी सांगितलेलेच नव्हते, कारण मलाही ते नीट सांगता येत नव्हते. त्या संध्याकाळी मला तलावावरचा हिशेब आठवला. तिथे मी एकही अंक खाली घेतला नव्हता. मी वाटले होते.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी भागाकाराला हातच घालायचा नाही. मुलाला वजाबाकी हातच्यासह येते का, सहापर्यंतचे पाढे मागेपुढे विचारले तर येतात का, हे तोंडी बघायचे. तिथे गळत असेल तर तिथेच थांबायचे. याला दोन-तीन आठवडे जात आणि केंद्रप्रमुख ‘अभ्यासक्रम मागे पडला’ असा शेरा मारीत. मारू देत. मग चिंचोके. चोवीस चिंचोके सहा जणांत वाटा, प्रत्येकाला किती? हे आठ दिवस. नंतर वेगळा प्रश्न : चोवीस चिंचोके आहेत, एकेकाला सहा द्यायचे, किती जणांना पुरतील? पहिले वाटणे, दुसरे गट पाडणे. पुस्तकात दोन्हींची मांडणी एकच आणि उत्तरही एकच, म्हणून शिक्षक दोन्ही एका दमात उरकतो. पण मुलाच्या डोक्यात ही दोन निरनिराळी कामे असतात. शाब्दिक उदाहरणात ‘भागायचं का गुणायचं?’ असा जो आवाज वर्गातून येतो, तो या घाईतून येतो. त्यानंतर तोच गट पुन्हा पुन्हा वजा करणे, आणि मग मूल स्वतःच कंटाळून म्हणते की, सहा चोक चोवीस, एवढी वजाबाकी कशाला? तो क्षण आला की पाढा आणि भागाकार यांची गाठ पडली. ती शिक्षकाने बांधून द्यायची नसते.

मोठ्या संख्यांसाठी मी पुठ्ठ्याच्या नोटा केल्या, शंभराच्या, दहाच्या, आणि एकाची नाणी. ४३२ रुपये तिघांत. शंभराच्या चार नोटा. तिघांना एकेक, एक उरली. ती मोडली, दहाच्या दहा आल्या, आधीच्या तीन, झाल्या तेरा. तिघांना चार-चार, एक उरली. ती मोडली, दहा आणि दोन बारा, चार-चार. प्रत्येकी १४४. ‘खाली घेणे’ म्हणजे नोट मोडणे, हे एकदा हाताने केले की ते सांगावे लागत नाही. मग ६१२ काढायचे. शंभराच्या सहा नोटा सहा जणांना एकेक. दहाची नोट एक आणि माणसे सहा, म्हणून दहाची नोट कोणालाच नाही. त्या जागी शून्य मांडायचे. नोट मोडून बारा, दोन-दोन. १०२. त्या मुलीला हे मी पंधरा दिवसांनी करून दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘आधी का न्हाई सांगितलं?’

दोन अंकी भाजकाला मी माझा तलावावरचा हिशेबच शिकवला. दहाने देऊन बघा, मग पाचाने, मग उरेल ते. अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही, थोडे-थोडे देत जायचे आणि शेवटी बेरीज करायची. कमी पायऱ्यांत कसे होईल हे मुले नंतर आपोआप शोधतात आणि छोट्या मांडणीवर येतात. प्रत्येक उत्तराला ताळा हवाच : भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवा, भाज्य आले पाहिजे. ताळा ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण तिथे उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलाला गुरुजींना विचारावे लागत नाही.

यातले काहीही माझे शोध नाहीत. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांना बिया, खडे, काड्या यांवर शिकवले त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. २०१५ नंतर सरकारी पातळीवरही कृतीवर भर आला, गणिताच्या पेट्या शाळांत आल्या. काही शाळांत त्या पेट्या कपाटात कुलूपबंद राहिल्या, काही ठिकाणी उत्तम वापरल्या गेल्या. साधन असले म्हणजे झाले असे नाही. साधनावरून अंकावर आणि अंकावरून रीतीवर कधी आणायचे, हा क्रम शिक्षकाच्या डोक्यात असावा लागतो. नाहीतर मूल चिंचोके खेळत बसते आणि पाचवीत जाते. आमच्या मुलांना हसतखेळत शिकवा म्हणजे सोपेच शिकवा, असा एक दयाळू अर्थ हल्ली निघतो. मला त्याची भीती वाटते. दाराशेजारी बसवण्याचाच तो एक सभ्य प्रकार आहे.

१९५७ साली दशमान नाणी आली, पुढे मीटर-किलो आले आणि रुपये-आणे-पैंचे, मण-शेरांचे मिश्र भागाकार गेले. त्याने मुलांचे ओझे खरोखर उतरले. जुन्या मापांविषयी मला आजीपलीकडे माया नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा केवढी थट्टा झाली! मराठी बुडाली म्हणून अग्रलेख पडले. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारी मुले ज्यांनी रोज पाहिली आहेत, त्यांना ती थट्टा करवली नाही.

चळवळीतले तरुण मित्र विचारतात, आता मोबाइलमध्ये भागाकार होतो, तुम्ही कशाला एवढे घेऊन बसलात? त्यांना मी एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यातून बरीच कुटुंबे ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर पट निम्मा होई आणि भागाकाराचा धडा नेमका दिवाळीनंतर येई. ही मुले चैत्रात परत येत, तोवर वर्ग पुढे गेलेला. म्हणून मी काही वर्षे भागाकार जुलैमध्येच सुरू करीत असे, पुस्तकाचा क्रम बाजूला ठेवून. अशाच एका वर्षी पाचवीतली एक मुलगी हंगाम संपवून आली आणि शाळेत हिशेबाची चिठ्ठी घेऊन आली. टोळीतल्या त्यांच्या गटाला उचल वळती होऊन ९,६०० रुपये निघाले होते. गटात तीन नवरा-बायको आणि दोन एकटी माणसे, म्हणजे तीन कोयते आणि दोन अर्धे कोयते. मोबाइल तिच्या वडिलांकडेही होता. तिने मला विचारले, ‘गुरुजी, ह्ये चारानं भागायचं का आठानं?’

चाराने भागले तर कोयत्याला २,४०० येतात आणि ते नवऱ्याच्या हातात पडतात. आठाने भागले तर माणशी १,२००. तिची आई दाराबाहेर उभी होती, पदर तोंडाला लावून. मी मुलीला म्हटले, दोन्ही करून बघ. तिने फळ्यावर दोन्ही मांडले, ताळाही केला. मग आई आत आली. तिला अक्षर येत नव्हते, अंक येत होते. ती बराच वेळ दुसऱ्या मांडणीकडे बघत राहिली आणि मुलीला म्हणाली, ‘ह्ये आठाचं कागदावर उतरून घे.’